रघुनाथ धोंडो कर्वे

ज्या गृहस्थांचे चरित्र आम्ही आज सांगत आहो ते आपल्या विश्वासाचे नव्हते; किंबहुना ते देवच मानीत नसत. तरीही बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत वचन सांगत फिरणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंनी ते लक्षपूर्वक वाचावे, अशी आमची विनंती आहे.

रघुनाथरावांचा जन्म १८८२ साली कोकणात मुरूड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांच्या मातोश्री राधाबाई बाळंतपणात वारल्या. पुढे ते मुंबईस स्कॉटिश मिशनच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. पत्नी मालतीबाई ह्यांची त्यांस साथ होती. मुले किती व्हावीत हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीला असावा, असे त्यांचे मत होते.

त्या काळी प्रॉटेस्टंट मंडळ्यांना हे पाप वाटे. १९२० साली लँबेथ येथे भरलेल्या अँग्लिकन बिशपांच्या परिषदेने अशा साधनांचा निषेध केला होता. कॉलेजच्या चालकांनी कर्व्यांस कार्य किंवा नोकरी ह्यांपैकी एक सोडावयास सांगितले. १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली डॉ. आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली, तरी दंड चुकला नाही.

परंतु पाहा, त्याच लँबेथ परिषदेने १९३० साली काही अटींवर मोकळीक दिली. आणि मुले किती व किती अंतराने व्हावीत हे ठरविण्याची जबाबदारी देवाने आईबापांच्या सदसद्विवेकावर सोपविली आहे, असे १९५८ साली मान्य केले. तोवर कर्वे निवर्तले होते.

त्यांची सर्वच मते आम्हांस पटत नाहीत. तथापि ज्या गोष्टीसाठी आपल्याच मिशनच्या कॉलेजाने त्यांस दूर केले, तीत आईविषयीची कळकळ होती, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. लेकरे हे परमेश्वराचे देणे, हे खरेच. पण आईचा जीव हेही त्याचेच देणे आहे. म्हणून, बंधुजनहो, बाळंतपणांनी झिजलेली एखादी भगिनी आपल्याकडे सल्ला मागावयास आली, तर तिला आधी दोष देऊ नका. तिचे शांतपणे ऐका, तिच्या नवऱ्यासही जवळ बसवा, आणि दोघांस दवाखान्याची वाट दाखवा.