काळोख्या चाळींतील लखलखाट

न्यूयॉर्कच्या चाळींतील अनेक खोल्यांत दिवसाही काळोख असे; तेथील माणसांची छायाचित्रे काढणे जवळजवळ अशक्यच होते. त्यावर जेकब रीस यांनी मार्ग काढला. डेन्मार्कमधील रिबे येथे १८४९ मध्ये जन्मलेले रीस १८७० मध्ये अमेरिकेत आले आणि हलाखीचे दिवस सोसून पोलीस-वार्ताहर झाले. जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर निघाल्याचे १८८७ मध्ये वाचताच ते कॅमेरा घेऊन रात्री-अपरात्री चाळींत शिरू लागले. पिस्तुलातून बार उडताच रहिवासी घाबरून पळत. तेव्हा त्यांनी पावडर चक्क फ्राइंग पॅनमध्ये पेटवली. एकदा अंध भिकाऱ्यांच्या खोलीत भिंतीवरील कागद-चिंध्यांनी पेट घेतला आणि ती आग त्यांनाच विझवावी लागली.

कॅमेऱ्याच्या बाजूने येणारा हा एकच प्रखर झोत चेहरे सपाट करी, डोळे दिपवी. स्टुडिओतील सौम्य छायाप्रकाश त्यात नव्हता. झोपेतून दचकलेल्यांची संमतीही बहुधा नसे, हे नाकारता येत नाही. मात्र कोंदट खोलीतील दाटी त्यानेच उघडी पाडली. १८९० मध्ये ‘हाऊ द अदर हाफ लिव्हज’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांनी सातत्याने टीका केलेली मलबेरी बेंडची वस्ती पाडली गेली आणि १८९७ मध्ये तेथे उद्यान खुले झाले. रीस १९१४ मध्ये निवर्तले.