मलिक अंबर : गुलामीतून पेशवाईपर्यंत

शाळेच्या इतिहासात मलिक अंबर हे नाव दोन ओळींत येऊन जायचे. निजामशाहीचा वजीर, गनिमी काव्याचा जाणकार, एवढे पाठ करून आम्ही पुढे जात असू. तो गुलाम होता हे मला कॉलेजच्या ग्रंथालयात कळले, आणि मग ते पुस्तक खाली ठेववेना.

आज ज्याला इथिओपिया म्हणतात, त्या देशात १५४८ च्या सुमारास तो जन्मला. लहानपणीच विकला गेला आणि हातोहाती बगदादला पोचला. तिथल्या धन्याने त्याला शिकवले, अंबर हे नाव दिले. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही पूर्वीचा हबशी गुलामच! इथे मी अडखळलो. ज्याने स्वतः गुलामी भोगली, तोच पुन्हा माणसे विकत घेतो? पण तेव्हाच्या सरदारांना असा शिपाई हवा असे, की ज्याला इथे गाव नाही, भाऊबंद नाहीत, धन्यावाचून दुसरा आधार नाही. गुलामाला घोडा आणि हत्यार मिळे ते त्यासाठी.

चंगीझखान मेल्यावर अंबर मोकळा झाला. काही काळ विजापूरकरांची चाकरी करून तो परत आला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा त्याने हबशी आणि मराठे स्वार जमवून दुसऱ्या मुर्तजाला परांड्यास गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. खडकी वसवली, तिला नहरीने पाणी आणले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकदम पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते.

एवढे सगळे असूनही एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. एका डच व्यापाऱ्याने नोंदवून ठेवले आहे, की सुलतानाच्या इराणी बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले. त्यावरून अंबरने सुलतानाला आणि बेगमेला विष घालवले, असे तो लिहितो. अंबरच्या या कृत्याचे समर्थन मी करणार नाही. पण सारे राज्य ज्याच्या शब्दावर चालते, त्याच्याही मुलीला जन्म चुकत नाही. आणि अंबरने गुलामांचा बाजार कुठे बंद केला? त्याच्याही फौजेत विकत घेतलेले हबशी होते. एक जण वर चढला, शिडी तिथेच राहिली.

आज माणूस विकता येत नाही. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठ बंद झाली, १९७६ च्या कायद्याने वेठबिगार मुक्त झाले. हा फरक लहान नाही. माझे कॉलेजही त्यातूनच आले. माझे वडील सालगडी आहेत. ते गुलाम नाहीत, पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही. तुझा पोरगा बी.ए.ला गेला, आता कसली जात आणि कसली गरिबी, असे मालक त्यांना हसत म्हणतात. वडीलही हसतात. पाडव्याला त्यांचे साल पुन्हा ठरायचे आहे.