स्वामी रामानंद तीर्थ : खासदार म्हणून

आपल्या सोसायटीत पदवीधर पुष्कळ. त्यांतल्या अनेकांच्या प्रमाणपत्रावर, विद्यापीठाच्या नावात, स्वामीजी आहेत. पण ते दहा वर्षे खासदारही होते, हे नव्या पिढीला सांगावं लागतं.

मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. हिप्परगा आणि पुढे अंबाजोगाईच्या शाळेत मास्तरकी केली, मध्येच संन्यास घेतला. मठात मात्र बसले नाहीत. १९३७ साली महाराष्ट्र परिषद भरली ती परतूरला. परतूर तेव्हा आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं बरं का! त्या चळवळीतून स्वामीजी थेट हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या नेतृत्वापर्यंत पोचले. निजामाचा तुरुंग वारंवार भोगला. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं.

१९५२ मध्ये ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. मंत्रिपदाच्या वाटेला गेले नाहीत. हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे तीन भाग करा, हा त्यांचा हट्ट. नेहरूंना सुरुवातीला ते पसंत नव्हतं, तरी स्वामीजी मागे हटले नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. गंमत म्हणजे त्यांचा स्वतःचा गुलबर्गा मतदारसंघ म्हैसूरकडे गेला! आपल्याच मागणीपायी हातची जागा सोडणारा पुढारी आम्हाला तरी दुसरा आठवत नाही. १९५७ ला औरंगाबादहून उभे राहिले आणि निवडून आले. १९६२ पर्यंत खासदार राहिले.

२२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचं निधन झालं. समाधी हैदराबादला, बेगमपेठेत आहे.