शांपोलियों पॅरिसला का गेला?

भाषांची उपजत देणगी असलेल्या मुलाने कोणते महाविद्यालय निवडावे? भाषेचा अध्यापक म्हणून हा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात. अशा वेळी मी त्यांना शांपोलियोंची हकिगत सांगतो.

झाँ-फ्रांस्वा शांपोलियोंचा जन्म २३ डिसेंबर १७९० रोजी फ्रान्समधील फिजाक या लहानशा गावी झाला. वडील पुस्तकविक्रेते. बारा वर्षांनी मोठा असलेला भाऊ झाक-झोझेफ हाच त्याचा खरा पालक. १८०४ मध्ये ग्रनोब्ल येथील सरकारी विद्यालयात त्याला प्रवेश मिळाला. तेथील लष्करी शिस्तीत त्याचा जीव गुदमरे. गणिताशी वैर; पण लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी या भाषांत बुद्धी तळपत होती. सोळाव्या वर्षी त्याने ग्रनोब्लच्या विद्वत्सभेत इजिप्तविषयी निबंध वाचला.

पुढे काय? ग्रनोब्लमध्ये राहिला असता तर मान मिळाला असता, खर्चही वाचला असता. परंतु त्याला हवे ते शिकवणारे तिथे कोणी नव्हते. म्हणून १८०७ मध्ये भावाने त्याला पॅरिसला पाठविले. त्याने दोन संस्था निवडल्या : १७९५ मध्ये स्थापन झालेले पौर्वात्य भाषांचे विद्यालय, आणि कॉलेज द फ्रान्स. या दुसऱ्या संस्थेत ना परीक्षा, ना पदवी! पण तिथे सिल्व्हेस्त्र द सासींसारखे गुरू होते, शहरात हस्तलिखितांनी भरलेले ग्रंथालय होते, आणि सँ-रॉश चर्चमध्ये कॉप्टिक जाणणारा एक इजिप्शियन धर्मगुरू होता. भावाने पाठविलेल्या पैशांत कशीबशी गुजराण होई. त्यातच नेपोलियनच्या सैन्यात सक्तीने भरती होण्याची धास्ती.

पण कॉप्टिक ही प्राचीन इजिप्शियन भाषेचीच लेक. तिच्या आधारानेच पुढे १८२२ मध्ये शांपोलियोंने चित्रलिपीचे कोडे उलगडले. सूर्याच्या चिन्हाला कॉप्टिकमधील सूर्यवाचक शब्दाचा उच्चार देताच रामसेस राजाचे नाव वाचता आले! शतकानुशतके मुकी असलेली देवळे बोलू लागली. १८३१ मध्ये कॉलेज द फ्रान्सने खास त्याच्यासाठी अध्यासन निर्माण केले. पण ४ मार्च १८३२ रोजी, अवघ्या ४१व्या वर्षी, त्याचा अंत झाला.

विद्यार्थी मित्रहो, प्रवेश-अर्ज भरताना इमारत आणि नावलौकिक जरूर पाहा. मात्र त्याआधी तीन गोष्टींची चौकशी करा : तुमच्यापुढे चार पावले असलेला गुरू तिथे आहे काय? मूळ ग्रंथ हाती पडतील काय? आणि ती भाषा जिच्या ओठांवर आहे अशी व्यक्ती भेटेल काय? तीनही उत्तरे होकारार्थी आली, तर पदवीची चिंता मागाहून करता येईल.