सोलापूरचे डॉ. कोटणीस ॲक्युपंक्चरवाले नव्हते, मग झोपेसाठी टोचायच्या सुयांशी त्यांचं नाव कसं जोडलं गेलं?

रात्रीचे दोन वाजलेत. झोप काही येत नाही. मोबाईल खाली ठेवला की डोक्यात विचार सुरू, म्हणून पुन्हा मोबाईल हातात. हे रोजचंच झालं की घरातलं नाहीतर ऑफिसातलं कोणीतरी सल्ला देतंच. डोक्याला तेल लाव, तळपाय चोळून घे, शिरोधारा करून बघ. आणि हल्ली हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ॲक्युपंक्चर करून घे.

ॲक्युपंक्चरची माहिती शोधायला गेलं की एक नाव वारंवार समोर येतं. डॉ. कोटणीस. पंजाबात लुधियानात त्यांच्या नावाचं ॲक्युपंक्चर हॉस्पिटल आहे, बंगालमध्ये त्यांच्या नावानं चालणाऱ्या समितीनं या उपचाराचा प्रसार केलाय. त्यामुळं बऱ्याच जणांना वाटतं, की सोलापूरचा हा डॉक्टर चीनला गेला आणि तिथून सुयांची विद्या घेऊन आला.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. डॉ. कोटणीस चीनला गेले ते परत आलेच नाहीत. आणि ते ॲक्युपंक्चरचे डॉक्टर नव्हते, सर्जन होते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. मध्यमवर्गीय घर, भावंडं बरीच. डॉक्टर व्हायचं म्हणून ते मुंबईला गेले आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या केईएमच्या आवारात शिकले. पुढं आणखी शिकायची तयारी सुरू होती.

तेवढ्यात १९३७ साली जपाननं चीनवर मोठा हल्ला केला. चिनी सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडं डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी लोकांना आवाहन केलं, पैसे जमवले आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस.

यातलं डॉ. बिजयकुमार बसू हे नाव लक्षात ठेवा. सुयांची गोष्ट त्यांच्याकडूनच येणार आहे.

सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबईहून बोटीनं निघालं. कोटणीस तेव्हा जेमतेम २७ वर्षांचे होते. चीनमध्ये पाचही जणांनी आपापल्या नावापुढं ‘हुआ’ जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचं चिनी नाव झालं के दिहुआ. १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं, जिथं माओंचं मुख्य ठाणं होतं. हळूहळू बाकीचे सहकारी परतले. कोटणीस मात्र थांबले आणि थेट आघाडीजवळच्या डोंगराळ भागात गेले. वडील वारल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली. तरी ते परतले नाहीत.

आता झोपेचा विषय. १९४० साली चिनी फौजेनं जपानविरुद्ध मोठी मोहीम उघडली. जखमींची रीघ लागली. औषधं कमी, हत्यारं कमी, हॉस्पिटल म्हणजे गावातलं एखादं घर नाहीतर देऊळ. या मोहिमेत कोटणीसांनी ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले आणि एका टप्प्यावर सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री.

१९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे सर्जन, तेही याच भागात काम करता करता १९३९ मध्ये गेले होते. कोटणीस चिनी भाषा बोलायला, वाचायला शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. तिथंच परिचारिकांना शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

पण याच काळात कोटणीसांना फिट येऊ लागल्या होत्या. अपस्माराचा आजार. तरी काम थांबलं नाही. दिवसा पेशंट आणि वर्ग, शिवाय विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवरचं पुस्तक लिहायला घेतलेलं. ९ डिसेंबर १९४२ ला फिट येऊनच ते गेले. वय ३२. मुलगा तीन-चार महिन्यांचा.

जागरण आणि फिट यांचा संबंध आज डॉक्टर आवर्जून सांगतात. ज्याला अपस्मार आहे, त्याला झोप कमी पडली की फिट येण्याचा धोका वाढतो. कोटणीसांचा मृत्यू जागरणामुळं झाला असं त्यावरून म्हणता येणार नाही. पण आपण त्यांच्या ७२ तासांच्या जागरणाचं कौतुक करतो, तेव्हा दुसऱ्यांसाठी झोप सोडलेल्या त्या माणसाच्या शरीरावर किती ताण पडला असेल, हेही आठवायला हवं.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा सिनेमा काढला आणि कोटणीस देशभर पोचले.

मग सुया कुठून आल्या?

तर त्या आणल्या डॉ. बसूंनी. १९४३ मध्ये ते भारतात परतले होते. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला गेले, तिथं ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ च्या सुमारास कलकत्त्यात त्यांनी हे उपचार सुरू केले. भारतात ॲक्युपंक्चर आणण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. पुढं कोटणीस स्मृती समितीच्या कामातून हा उपचार गरिबांपर्यंत नेला गेला. मित्राच्या आठवणीसाठी त्याचं नाव दिलं, आणि लोकांच्या डोक्यात कोटणीस म्हणजे ॲक्युपंक्चर हे समीकरण पक्कं झालं.

आता मुद्द्याचा प्रश्न. या सुयांनी झोप येते का?

ॲक्युपंक्चरमध्ये केसासारख्या बारीक सुया ठराविक बिंदूंवर टोचून साधारण वीस ते तीस मिनिटं ठेवतात. झोपेसाठी मनगटाजवळचा एक बिंदू नेहमी वापरला जातो. काहींना नंतर हलकं वाटतं, झोप लागते. यावर बरेच अभ्यास झालेत, पण त्यांचा दर्जा सारखा नाही. खरी सुई आणि नुसता टोचल्याचा भास यांची तुलना केली की फरक नेहमी दिसतोच असं नाही. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपाय म्हणून सवयी आणि विचार बदलणारी वर्तन थेरपी सुचवली. ॲक्युपंक्चरबद्दल पुरेसा पुरावा नाही, असंच त्यांचं मत पडलं. तेल मालिश, पाय चोळणं, शिरोधारा यांनी अंग सैल होतं, बरं वाटतं. पण निद्रानाश बरा होतो असं छातीठोक सांगण्याइतका पुरावा त्यांच्यामागंही नाही.

म्हणून करून बघायचंच असेल तर चार गोष्टी बघा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, त्यामुळं समोरच्याची नोंदणी आहे का ते विचारा. सुई नवी आणि एकदाच वापरायची असावी, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं असावं. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू असतील तर आधी सांगा. आणि जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, फिट किंवा सततची उदासी असेल, तर आधी डॉक्टर गाठा. कोणी सांगितलं म्हणून फिटच्या गोळ्या बंद करू नका.

सोलापुरात भैय्या चौकात कोटणीसांचं स्मारक आहे. कधी त्या बाजूला गेलात तर आत जाऊन या. त्यांचं मोठेपण कुठल्याच सुईवर अवलंबून नाही, ते तिथं कळतं.