मराठीला लेखी वाद घालायला शिकवणारा मास्तर : विष्णुशास्त्री चिपळूणकर

आज सोशल मीडियावर रोज वाद रंगतात. कुणी मुद्द्यावर बोलतं, कुणी समोरच्याच्या शुद्धलेखनावर घसरतं. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात एक मास्तर होता, जो या दोन्ही गोष्टींत पटाईत होता.

त्याचं नाव विष्णुशास्त्री चिपळूणकर.

जन्म १८५० चा, पुण्यातला. वडील कृष्णशास्त्री स्वतः मोठे लेखक, त्यामुळे घरात पुस्तकांची कमी नव्हती. विष्णुशास्त्री डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले आणि सरकारी हायस्कुलात मास्तर म्हणून लागले.

त्या काळी इंग्रजी शिकलेल्या पोरांना मराठीत लिहिणं कमीपणाचं वाटायचं. ज्याला काही गंभीर मांडायचं असेल, तो इंग्रजीकडे वळायचा. शास्त्रीबुवांना नेमकं हेच खटकलं.

जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ हे मासिक काढलं. तेव्हा त्यांचं वय होतं फक्त २३. मासिकाचे ८४ अंक निघाले आणि जवळपास सगळा मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला.

पहिलाच विषय होता मराठी भाषेची अवस्था. पुढे इतिहास, वक्तृत्व, वाचन, लेखनशुद्धी, इंग्रज लेखक डॉ. जॉन्सन अशा कितीतरी विषयांवर ते लिहीत गेले.

त्यांची पद्धत सोपी होती. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. मग ते एकेक करून खोडायचं. मध्ये इतिहासातला दाखला द्यायचा, चिमटा काढायचा आणि वाचकाला आपल्या बाजूला ओढायचं. मेकॉलेसारख्या इंग्रज लेखकांकडून त्यांनी हे उचललं, पण भाषा अस्सल मराठी ठेवली. शिकलेली तरुण पोरं ‘निबंधमाला’ वाचून लिहायला शिकली.

मधल्या काळात सरकारने त्यांची बदली रत्नागिरीला केली. १८७९ मध्ये त्यांनी नोकरीच सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये टिळकांना सोबत घेऊन पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. आगरकरही पुढे येऊन मिळाले. वर्षभराने ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रं निघाली. मराठी तरुणांसाठी आता शाळाही होती आणि छापखानाही.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे.

जोतीराव फुले तेव्हा शूद्रातिशूद्रांच्या गुलामगिरीवर लिहीत होते. चिपळूणकरांनी त्यांच्यावर ‘निबंधमाले’तून कडाडून टीका केली. त्यात फुल्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची टिंगलही होती. एका समाजाला शेकडो वर्षं शिक्षणापासून दूर का ठेवलं, हा फुल्यांचा प्रश्न मात्र त्या टिंगलीने खोडला गेला नाही. ज्यांना शिकूच दिलं नाही, त्यांची बाजू मांडणाऱ्याचं व्याकरण तपासण्यात मास्तरांची लेखणी खर्ची पडली.

लोकहितवादींसारखे सुधारकही त्यांच्या तडाख्यातून सुटले नाहीत. पटवून देण्याची कला हातात असली म्हणून माणूस बरोबरच असतो असं नाही, हे चिपळूणकरांच्याच लेखनातून दिसतं.

१७ मार्च १८८२ रोजी ते गेले. वय अवघं ३१. परकीय सत्तेखालच्या देशाच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेला निबंध इतका जहाल होता की पुढे इंग्रज सरकारने तो जप्त केला.

त्यांच्या मृत्यूनंतर हरिभाऊ आपटे नावाच्या तरुणाने ‘शिष्यजनविलाप’ ही कविता लिहिली. तो न्यू इंग्लिश स्कूलचा विद्यार्थी. याच हरिभाऊंनी पुढे ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी लिहून बालविवाह आणि विधवांचे हाल घरोघरी पोहोचवले. आगरकरांनी तर १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून बालविवाहाविरुद्ध आणि स्त्रीशिक्षणासाठी लेखणी झिजवली.

ज्या सुधारकांची चिपळूणकरांनी आयुष्यभर खिल्ली उडवली, त्यांचीच बाजू त्यांच्या शाळेतल्या माणसांनी मराठीत मांडली. आणि लोकांना ती पटवूनही दिली. मुद्देसूद लिहायला शिकवलं की शिकणारा कुठला मुद्दा मांडेल, हे मास्तरच्या हातात राहत नाही.