ड्यूक एलिंग्टन : जॅझचा सरदार

सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, यांची 'अलबेला' (१९५१) या चित्रपटातील गाणी ज्यांच्या ओठांवर आहेत, त्यांना जॅझ ही वस्तू अगदीच परकी म्हणता येणार नाही. त्या संगीतात गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचा हात होता. चिक चॉकलेट यांचे दैवत लुई आर्मस्ट्राँग. आम्हांस मात्र येथे सांगावयाची आहे ती त्याच पंथातील दुसऱ्या एका थोर पुरुषाची कथा. ह्या गृहस्थांनी वाद्यवृंद हेच आपले वाद्य मानले, आणि आयुष्याच्या संध्याकाळी त्यांचा संबंध थेट चंद्राशी आला.

एडवर्ड केनेडी एलिंग्टन यांचा जन्म २९ एप्रिल १८९९ रोजी वॉशिंग्टन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील बड्या घरी खानसाम्याचे काम करीत. प्रसंगविशेषी व्हाइट हाउसमधील मेजवान्यांतही त्यांना बोलावणे येई. घरात पैसा बेताचा, पण रीतिरिवाज मात्र खानदानी. मुलाची ऐट व अदब पाहून एका मित्राने त्याला 'ड्यूक', म्हणजे सरदार, ही पदवी देऊन टाकली. ती जन्मभर चिकटली. पियानोची शिकवणी लावलेली असे, पण ओढा बेसबॉलकडे अधिक. पुढे सोडावॉटरच्या दुकानात काम करीत असताना, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी आपली पहिली चीज बांधली. पाट्या रंगविण्याचा व्यवसायही काही काळ केला. चित्रकलेची शिष्यवृत्ती चालून आली असता ती नाकारून त्यांनी संगीत पत्करले, आणि १९२३ साली न्यूयॉर्क गाठले.

४ डिसेंबर १९२७ रोजी हार्लेम भागातील कॉटन क्लबमध्ये त्यांचा वाद्यवृंद रुजू झाला. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती. क्लबात वाजविणारे, नाचणारे, वाढणारे सारे कृष्णवर्णीय. परंतु श्रोते केवळ गोरे. वादकांच्या आप्तांना तेथे बसून ऐकण्याची मुभा नसे. ह्याच क्लबातून रेडिओवर होणाऱ्या प्रक्षेपणांमुळे एलिंग्टन यांचे नाव अमेरिकेच्या घराघरांत पोहोचले. ज्याच्या संगीतावाचून रात्र सुनी वाटे, त्यालाच पुढच्या दाराने प्रवेश नव्हता. हा विरोध लक्षात ठेवल्याशिवाय त्यांचे पुढील आयुष्य नीट उमगत नाही.

त्यांच्या कलेचे मर्म थोडे उलगडून सांगितले पाहिजे. जॅझमध्ये वादक ऐन वेळी उपज करतो, हे आपल्या रागदारी ऐकलेल्या कानांना नवे नाही. एलिंग्टन यांचे वैशिष्ट्य असे की, ते एखाद्या वाद्यासाठी न लिहिता एखाद्या माणसासाठी लिहीत. जॉनी हॉजेस यांच्या सॅक्सोफोनची मींड, दुसऱ्या कोणाच्या ट्रंपेटचे गुरगुरणे, हे सारे डोळ्यांपुढे ठेवून रचना होत असे. १९३० सालच्या 'मूड इंडिगो' ह्या रचनेत त्यांनी नेहमीची उतरंडच फिरवली. एरवी वर चढणारी क्लॅरिनेट खर्जात ठेवली, धिप्पाड ट्रॉम्बोन तिच्या वर, स्वतःच्या उंच स्वरांत नेला आणि सर्वांवर दबक्या आवाजाचा ट्रंपेट. तीन वाद्यांतून एक चौथेच वाद्य बोलू लागल्याचा भास होतो.

असा मेळ जमण्यास माणसे टिकावी लागतात. सॅक्सोफोनवादक हॅरी कार्नी १९२७ पासून १९७४ पर्यंत, म्हणजे तब्बल ४७ वर्षे, त्यांच्याबरोबर होते! मोठे वाद्यवृंद आतबट्ट्याचे ठरून बंद पडत गेले, तेव्हाही एलिंग्टन यांनी आपल्या गीतांच्या मानधनाची रक्कम वादकांच्या पगारात घालून संसार चालू ठेवला. दक्षिणेतील राज्यांत हॉटेले त्यांना खोली देत नसत, म्हणून मंडळी भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र रेल्वे-डब्यांतून प्रवास करीत व त्यांतच झोपत. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीत बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडलेल्यांना ह्या भटकंतीची थोडी कल्पना येईल; परंतु आम्हांस कोणत्याही गावी छप्पर नाकारले गेले नाही, हे विसरता कामा नये.

२३ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास सांगणारी दीर्घ रचना सादर केली. टीकाकारांनी नाके मुरडली. पुढे उतरती कळा लागली असे वाटत असतानाच ७ जुलै १९५६ रोजी न्यूपोर्टच्या महोत्सवात पॉल गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर एकामागून एक २७ आवर्तने वाजविली आणि श्रोते खुर्च्यांवर उभे राहिले. (हे आडनाव वाचून गोव्याची आठवण होणे साहजिक आहे. त्यांचे आईबाप मात्र केप व्हर्दे बेटांवरचे. पोर्तुगीज सत्तेने दोन्हीकडे तीच नावे पेरली होती.)

१९५७ च्या सप्टेंबरात लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पोहोचविण्यासाठी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर धाडावे लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ४ ऑक्टोबरला, रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरू लागला. अमेरिका मागे का पडली, याची चर्चा सर्वत्र सुरू झाली. एलिंग्टन यांनीही त्या सुमारास ह्या विषयावर एक निबंध लिहिला. त्यांचे निदान साधे होते : ज्या देशात माणसांची गुणवत्ता रंगावरून अडविली जाते, तो देश आपली निम्मी बुद्धी कुलपात ठेवून शर्यतीत उतरतो. वाद्यवृंदात स्वर जुळला तरच संगीत होते. राष्ट्राचेही तसेच, असा त्यांचा युक्तिवाद. हा निबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही.

१९६३ साली अमेरिकन परराष्ट्र खात्याने त्यांना पश्चिम व दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर पाठविले. दिल्लीत ते आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. पुढे हैदराबाद, बंगलोर, मद्रास, मुंबई, कलकत्ता अशी ठिकाणे झाली. नोव्हेंबरात तुर्कस्तानात असताना अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची वार्ता आली आणि दौरा तेथेच संपला. ह्या प्रवासातून 'फार ईस्ट स्वीट' ही रचनामाला जन्मली. तीत 'आग्रा' आहे, आणि त्यांचे सहकारी बिली स्ट्रेहॉर्न यांना दिल्लीत रोज ऐकू येणाऱ्या मैनेची शीळही आहे. उत्तरेत राहणाऱ्या आपल्या बांधवांनी ती जरूर ऐकावी. पक्षी ओळखीचा वाटेल.

१९६५ साली पुलित्झर पारितोषिकाच्या संगीत-परीक्षकांनी त्यांच्या विशेष गौरवाची शिफारस केली. मंडळाने ती फेटाळली, आणि दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. एलिंग्टन यांनी हसून विषय उडविला.

मग १९६९ साल उजाडले. २९ एप्रिलला, सत्तराव्या वाढदिवशी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून स्वातंत्र्यपदक दिले. ज्या वास्तूत वडिलांनी ताटे वाढली, तेथे मुलगा सन्मानाचा पाहुणा झाला. तीन महिन्यांच्या आत अपोलो-११ चंद्राकडे निघाले. आपल्याकडे २१ जुलैची सकाळ होती, आठ वाजून गेले होते, तेव्हा नील आर्मस्ट्राँग यांचे पाऊल चंद्रावर पडले. ह्या प्रसंगासाठी एबीसी दूरदर्शन संस्थेने एलिंग्टन यांजकडून खास रचना करवून घेतली होती : 'मून मेडन', अर्थात चंद्रकन्या. आपल्या मुलांचा तो मामा. त्यांना तेथे एक लाजरी युवती दिसली! एरवी पियानोमागे राहणाऱ्या एलिंग्टन यांनी ह्या वेळी स्वतःचा आवाजही दिला.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी रेव्हरंड राल्फ ॲबर्नॅथी गरीब कुटुंबे व खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडी येथे गेले होते. भुकेल्यांकडे पाठ फिरवून चंद्राकडे कसे जाता, हा त्यांचा सवाल होता. एलिंग्टन यांनीही त्या मोर्चात असावयास हवे होते, असे म्हणणारे आजही भेटतात. आम्हांस ते पटत नाही. राष्ट्राच्या मेळात आपलाही स्वर लागला पाहिजे, हाच त्यांच्या निबंधाचा आग्रह होता, आणि बोलावणे आले तेव्हा त्यांनी तो लावला. मात्र दूरदर्शनसमोर बसलेल्या लाखो लोकांना दिसले ते चंद्राशी लाडीगोडी करणारे एक हसरे वृद्ध गृहस्थ. त्यांच्या कागदपत्रांत बारा वर्षांपूर्वीचा तो निबंध पडून आहे, हे कोणास ठाऊक होते? १९७२ पर्यंत चंद्रावर बारा जण उतरले, ते सर्व गोरे. गायन ब्लुफोर्ड हे अंतराळात जाणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. ते वर गेले १९८३ साली.

एलिंग्टन त्यापूर्वीच, २४ मे १९७४ रोजी, न्यूयॉर्क येथे निवर्तले. अंत्यविधीस सुमारे बारा हजार माणसे लोटली. पुत्र मर्सर यांनी वाद्यवृंद हाती घेतला. हॅरी कार्नी त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. तो निबंध १९९३ साली एका संग्रहात छापला गेला, पुलित्झर मंडळाने १९९९ साली मरणोत्तर गौरव केला, आणि २००९ साली निघालेल्या पाव डॉलरच्या नाण्यावर वॉशिंग्टन शहराच्या वतीने पियानोशी बसलेले ड्यूक एलिंग्टन विराजमान झाले.